ही रांग कोणाची

टोपडीच्या पहिल्या झाडाचं शेंड्याचं पान वाकडं झालं तेव्हा माई म्हणाली, ऊन लागलं असेल. दुसऱ्याचं झालं तेव्हा म्हणाली, पाणी जास्त झालं असेल. पाचव्या झाडापाशी आल्यावर मात्र ती काही बोलली नाही. पान दोन बोटांत धरून नुसती उभी राहिली. पानावर फिकट आणि गडद हिरव्याचे तुकडे तुकडे उमटले होते. बुरशी म्हणावी तर भुकटी नाही, कीड म्हणावी तर भोक नाही. शेंड्याची कोवळी पानं तर पानं राहिलीच नव्हती. सुतळीच्या दोऱ्यासारखी बारीक होऊन पिळवटली होती.

"सूनबाईला दाखवायला हवं," टिटवी मागून म्हणाली.

"दाखवू गं. आज दमून येईल ती बाजारातनं."

"ती दमून येईल म्हणून झाड थांबणार आहे होय?"

टोपडी म्हणजे टोमॅटोची चुलतबहीण. फळ हिरवं, आंबट, आणि जन्मापासून अंगाभोवती कागदासारखं टोपडं घालून बसलेलं. बियांच्या पुडीवर टोमॅटिलो असं छापलं होतं, पण त्या नावाला टिटवीची जीभ वळेना, आणि टिटवीच्या जिभेला न वळणारं नाव त्या अंगणात टिकत नसे. पुडी आणून दिली होती वसतिगृहाच्या आचाऱ्यानं. "एवढं पिकवून दे ताई, निघेल तेवढं मी नेतो. जमलं तर दर मोसमाला नेतो," असं तो सूनबाईला सांगून गेला होता. पुडीतली चौदा रोपं जगली. बारा रांगेत लागली, दोन रोपांना जागा उरली नाही म्हणून ती पाण्याच्या पिंपामागे सरकवली. या झाडाची एक खोड आहे. एकटं असलं की फुलतं भरभरून, पण फळ म्हणून धरत नाही. जोडीला दुसरं हवंच.

घरात माणसं दोनच, माई आणि सूनबाई. मुलगा टँकरवर, महिन्यातले चार दिवस घरी. घरामागच्या मोकळ्या जागेत सूनबाईनं हिरव्या जाळीची शेड उभी केली त्याला सहा वर्षं झाली होती. आत पिशव्यांच्या चार रांगा: टोमॅटो, टोपडी, वांगी, मिरची. घर चालत होतं ते टँकरपेक्षा या शेडवर. सकाळी सूनबाई भाजी आणि रोपं घेऊन बाजारात जाई ती दुपारी परते. तोवर शेड माई आणि टिटवीची. डावीकडच्या दोन रांगा माईच्या, उजवीकडच्या टिटवीच्या; ही वाटणी दोघींनीच आपसात केलेली, सूनबाईनं कधी विचारली नव्हती. बगलेत फुटलेले फुटवे खुडायचे, शेंडे काठीला बांधायचे, पिवळी पानं काढायची, झारीनं पाणी घालायचं. टिटवी कामाला होती हे खरं, पण ती माईची लहानपणापासूनची मैत्रीण. नाव तिला आवाजावरून पडलेलं. ती शेडमध्ये कुजबुजली तरी रस्त्यावरचा माणूस "काय म्हणालात?" म्हणून थांबायचा.

आणि माईच्या हाताला गुण होता. हे ती स्वतः म्हणत नसे, लोक म्हणत. ज्याच्या दारात काही रुजत नाही तो माईला बोलावून नेई आणि पहिलं रोप तिच्या हातून लावून घेई. सूनबाईला हे सगळं शिकवलं तेही माईनंच. एका वयानंतर माणसापाशी मिरवण्यासारखं असं काय उरतं? माईपाशी हे दोन हात उरले होते.

सूनबाईनं पानं पाहिली आणि रडत बसली नाही. तिचा तो स्वभावच नव्हता. आधी पांढऱ्या माशीवर संशय घेतला. तीन दिवस साबणाचं पाणी पानांच्या खालून वरून मारलं. मग वाटलं करपा असेल, म्हणून खालची पानं काढून टाकली. मग कुणी राख सांगितली, ती धुरळली. शेडमध्ये दुपारचा उकाडा असा की अंगातला शर्ट पिळून काढावा. माईचे गुडघे पिशवीसमोर बसलं की उठायला तयार नसत. पिशवीच्याच काठाला धरून ती "आई गं" म्हणत उभी राही आणि पुढच्या पिशवीसमोर पुन्हा बसे. एकेक पान उलटून पाही, खुडलेलं टोपलीत टाकी. जितकी ती झाडांची सेवा करी तितकी झाडं पुढच्या पिशवीत, पुढच्या पिशवीत आजारी होत गेली.

आता माईची एक गोष्ट सांगायला हवी. ती तिनं स्वतः कुणाला सांगितली नव्हती.

माई तपकीर ओढायची. तीस वर्षांची सवय. तीन वर्षांमागं तिच्या नाकातून रक्त आलं, डॉक्टरनं तपकीर बंद म्हणून सांगितलं, आणि मुलानं तिला विहिरीवर नेऊन डबी पाण्यात टाकायला लावली. तिनं टाकली. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथही घेतली. पण विहिरीत गेली ती डबी रिकामी होती, आणि भरलेली दुसरी आठ दिवसांत टिटवीनं आणून दिली. तेव्हापासून ती डबी माईच्या शर्टाच्या खिशात असे. मुलाचाच जुना शर्ट, कामाला अंगावर घालायचा. रांग सुरू करायच्या आधी एक चिमूट, रांग संपल्यावर एक चिमूट. अंगठा आणि पहिलं बोट. फुटवा खुडायलाही तीच दोन बोटं लागतात.

आठव्या दिवशी सूनबाई बियाणेवाल्याला घेऊन आली. हा गृहस्थ दुकानात बसून पंचक्रोशीतल्या झाडांची नाडी बघायचा. पण आला तो चप्पल बाहेर काढून, नळावर हात धुऊन आत शिरला. खिशातून भिंग काढलं. चारही रांगा पाहिल्या, वाकून पिंपामागेही पाहिलं. मग पुन्हा दारापाशी येऊन पहिल्या पिशवीपासून मोजत गेला.

"ताई, फवारणी बंद करा," तो म्हणाला.

"मग कुठलं औषध देऊ?"

"याला औषध नाही. हा विषाणू आहे. झाड उपटायचं आणि जाळायचं, एवढंच."

"माशीनं आणला ना?" माईनं विचारलं.

"माशी अशी रांगेनं बसत नाही हो आई. हे बघा, दारापासून सुरू झालं. एक, दोन, तीन, मधलं एकही सुटलेलं नाही. शेजारी टोमॅटोतही तेच. पलीकडे वांगी, मिरची, सगळी याच घराण्यातली, त्यांना काही नाही. पिंपामागची दोन, ज्यांना कुणी विचारत नाही, ती ठणठणीत. हा हातानं नेलेला रोग आहे." त्यानं भिंग खिशात ठेवलं. "इथं तंबाखू कोण खातं? ओढतं?"

पिंपात पाणी पडायचा आवाज येत होता.

"तंबाखूही याच कुळातली," तो म्हणाला. "सगळ्याच तंबाखूत नसतो, पण असला तर सुकवली, कुटली, वर्षभर डब्यात ठेवली तरी हा रोग तिच्यात जगतो. बोटाला लागला की झालं. बोट फुटवा खुडतं, तिथं जखम होते, तिथून आत."

सूनबाईनं टिटवीकडे पाहिलं. टिटवी विडी ओढायची आणि ते जगाला ठाऊक होतं. फाटकाबाहेर दगडावर बसून, पाय पसरून, राजासारखी ओढायची. पण विडी संपली की नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची. साबणाचा तुकडा तिच्या पिशवीतच असे. माईनं ते सहा वर्षं रोज पाहिलं होतं.

"मावशी, हात धुता ना तुम्ही?"

"धुते की."

"ही रांग कोणाची?" बियाणेवाल्यानं टोपडीकडे बोट केलं.

टिटवीनं एकदा माईकडे पाहिलं. माईचा हात खिशात होता, डबीवर. एका शब्दाचं काम होतं. माझी, एवढंच म्हणायचं. माईनं तोंड उघडलंही, पण आतून वाराच आला नाही.

"माझी," टिटवी म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती इतक्या हळू बोलली असेल.

"आणि टोमॅटोची?"

"तीपण माझीच. राहिलं असेल धुवायचं कधीतरी. घाईत राहतं माणसाचं."

सूनबाई वाईट नव्हती. तिनं आरडाओरडा केला नाही. पण दोन रांगा म्हणजे निम्मी शेड. "मावशी, सहा वर्षं मी तुम्हाला घरचं माणूस मानलं," ती म्हणाली. "उद्यापासून येऊ नका." टिटवीनं मान डोलावली, भिंतीवरची पिशवी काढली, आणि साबणाचा तुकडा पिशवीत आहे की नाही ते उगाच चाचपून पाहिलं.

फाटकापाशी माईनं तिला गाठलं.

"अगं तू कशाला म्हणालीस तसं?"

"हळू बोल. मला काय, हातपाय आहेत, कुठंही काम मिळेल. तू त्या घरातनं उठून कुठं जाणार?" टिटवीनं पिशवी खांद्याला अडकवली. "आणि डबी आणून कोण देत होतं? मीच ना? जा आत."

माई आत गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती डोळ्यांसमोर झाली होती, आणि चोरानं संन्याशाला फाटकापर्यंत पोचवलंही होतं.

त्या दिवशी सूनबाईनं टोपडीची आठ झाडं उपटली. फुलं होती त्यांना, पिवळी, टपोरी. दोनतीन झाडांनी तर टोपडी धरायलाही घेतली होती. आत फळ मण्याएवढं. सूनबाई बुंध्याला धरून ओढायची, मुळांची माती न झटकता पोत्यात घालायची, आणि दुसऱ्या झाडाला लागायच्या आधी नळावर जायची. माई दाराबाहेर उभी होती.

"आई, पोतं धरता?"

"गुडघा धरलाय गं माझा," माई म्हणाली. तोही खोटाच.

चोराच्या मनात चांदणं असतं तसं माईचं झालं. कुणी तिच्या बोटांकडे पाहिलं की ती मूठ मिटायची. मग तिनं स्वतःशी वाद घालायला सुरुवात केली. म्हणे, विडीनंच झालं असेल कशावरून नाही? टिटवी स्वतःच म्हणाली, कधीतरी राहिलं असेल. माणूस उगाच कशाला म्हणेल? आणि बियाणेवाला म्हणजे काय ब्रह्मदेव नव्हे.

पण वादानं पोट भरेना. टिटवी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सूनबाई बाजारात गेल्यावर माईनं ट्रेमधली टोमॅटोची दोन उरलेली रोपं घेतली आणि न्हाणीघरामागे दोन जुन्या डब्यांत लावली, एक भिंतीच्या या टोकाला, एक त्या टोकाला. साबणानं हात घासून, दुधात बुचकळून तिनं पहिल्याचं एक पान खुडलं. दुधानं हा रोग मरतो असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. मग डबी उघडली, चिमूट ओढली, आणि त्याच बोटांनी दुसऱ्याचं पान खुडलं. दोन्ही रोपांना ती रोज मापून पाणी घालू लागली. देवाला कधी मागितलं नसेल इतकं तिनं त्या दुसऱ्या रोपाकडे मागितलं. बाबा, सरळ राहा.

नवव्या दिवशी रस्त्यात टिटवी भेटली. कांद्याच्या गोदामात लागली होती, कांदे निवडायला. डोळे लाल झाले होते आणि ती अंगठ्यानं कंबर दाबत चालत होती.

"बसून बसून कंबरेचा काटा ढिला झालाय," ती म्हणाली. "आणि तिथला मुकादम म्हणतो, म्हातारे, बोलू नकोस, बायांचे हात थांबतात. मी बोलले नाही तर माझे हात थांबतात हे त्याला कोण सांगणार?" मग तिनं इकडेतिकडे पाहून पिशवीतून डबी काढली. "संपली असेल तुझी. धर."

आणि माईनं ती घेतली. याला काय म्हणावं? जी बाई आपल्यापायी कामावरून गेली तिच्या हातून तपकिरीची डबी घेऊन माई घरी आली. वाटेत तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती झाडाखाली थांबली, आणि थांबली तशी तिथंच एक चिमूट ओढली.

"झाडं कशी आहेत?" टिटवीनं निघताना विचारलं होतं.

"आहेत," माई म्हणाली होती.

झाडं नव्हती. टोपडीची उरलेली चार एकेक करून गेली. टोमॅटोची रांग तर अर्ध्याहून जास्त पोत्यात गेली. सूनबाई आता उरलेल्या रांगा एकटी करत होती. बाजारातून आली की जेवायच्या आधी शेडमध्ये शिरायची. एका दुपारी ती मिरचीच्या रांगेत बसली ती उठेचना; माईनं जाऊन पाहिलं तर पिशवीला टेकून झोपली होती, हातात कात्री तशीच.

चौदाव्या दिवशी न्हाणीघरामागच्या दुसऱ्या डब्यातलं रोप बोललं. शेंड्याचं पान आखडलं, आणि पानावर फिकट गडद तुकडे उठले. पहिलं रोप तजेलदार, सरळ. माई दोन्ही डब्यांच्या मध्ये मातीत बसली. तिला रडू आलं नाही. फक्त आपली दोन बोटं कुठं ठेवावीत हे तिला कळेना.

तरी ती आणखी पाच दिवस गप्प राहिली. हे लपवण्यात अर्थ नाही. आता आपण होऊन सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं तिचं मन म्हणे. तपकीर सोडून द्यावी, हात धुवावेत, पुढच्या मोसमात टिटवीला परत बोलवायचं सूनबाईच्या कानावर हळूच घालावं. सगळं कसं बिनबोभाट. मुलाच्या डोक्यावर घेतलेली शपथ, सूनबाईची ती नजर, लोक म्हणतील माईच्या हातानं शेड बुडवली. या सगळ्याला ती भ्यायली. माणूस वाईट असतो म्हणून गप्प बसतो असं थोडंच आहे? भित्रा असतो म्हणूनही बसतो, आणि शिक्षा दुसऱ्याला होते ती तेवढीच होते.

एकोणिसाव्या दिवशी सूनबाईनं पिंपामागची दोन झाडं ओढून उजेडात आणली. शेडच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, स्वच्छ फळीवर ठेवली. दोन्ही फुलांनी भरली होती.

"आचारी आला होता बाजारात," ती म्हणाली. "मी सगळं सांगितलं त्याला. तो म्हणाला, दोन तर आहेत ना, त्यांचं तरी फळ दाखव, म्हणजे पुढच्या मोसमाचं बोलू. आई, जाळीत मधमाशी येत नाही. ब्रश घेऊन याच्या फुलातलं त्याच्या फुलात करावं लागेल रोज. शेंडे बांधावे लागतील. माझ्यानं आता उरलेल्या रांगा आणि हे होत नाही. ही दोन तुमच्याकडे."

"माझ्याकडे नको."

"का? गुडघा का? स्टूल देते बसायला."

"तूच कर."

"आई, दोनच राहिलीत. यातलं एक गेलं की दुसरं असून नसून सारखं. मला दुसऱ्या कुणाचा हात नको यांना. त्या मावशीसारखा निष्काळजी हात तर नकोच नको. सहा वर्षं विश्वास टाकला आणि बाईला साधे हात धुवायचं—"

"ती धुवायची," माई म्हणाली.

"काय?"

"रोज धुवायची. कोपरापर्यंत. रांगा माझ्या होत्या गं, दोन्ही. मी तपकीर ओढते."

सूनबाई थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून माईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग नव्हता. माया होती.

"आई," सूनबाई म्हणाली, "मैत्रिणीसाठी किती कराल? तुम्ही तपकीर सोडून तीन वर्षं झाली. मला का ठाऊक नाही? ती कांदे निवडतेय हे तुम्हाला बघवत नाही, कळतं मला. पण म्हणून असं काहीतरी अंगावर घ्यायचं?"

"अगं खरंच सांगते."

"तुमचं मन फार मोठं आहे. पण झाडांना मन नाही कळत."

खोटं एका दमात पटलं होतं आणि खरं पटेना. माईनं खिशात हात घातला. डबी काढून फळीवर ठेवली.

"ही तिची असेल," सूनबाई म्हणाली. "इथं राहिली असेल."

मग माईला दुसरं काही सुचलं नाही. तिनं झाकण उघडलं, अंगठा आणि बोट भरून चिमूट घेतली, आणि सुनेच्या डोळ्यांदेखत एका नाकपुडीत ओढली. मग दुसरी चिमूट दुसऱ्या नाकपुडीत. तपकीर इतकी की वरच्या ओठावर सांडली. नवख्या माणसानं त्याच्या चतुर्थांश ओढली तरी शिंकून शिंकून त्याचे डोळे बाहेर येतात. सूनबाई वाट बघत राहिली. माई तिच्याकडे बघत राहिली. माईला शिंक आली नाही. डोळ्यांत साधं पाणीही आलं नाही. तीस वर्षं मुरलेलं नाक ते. समोर उडालेल्या भुकटीनं शेवटी सूनबाईच शिंकली, एकदा, दोनदा, तीनदा.

शिंका थांबल्यावर तिचा चेहरा बदललेला होता.

"विहिरीत टाकली होती ना?" तिनं विचारलं.

"रिकामी होती ती."

"आणि त्या दिवशी तो माणूस विचारत होता. ही रांग कोणाची म्हणून. तुम्ही इथंच उभ्या होता."

"होते."

"मी उपटत होते तेव्हा?"

"तेव्हाही."

सूनबाईनं माईचं मनगट धरलं आणि तिला नळावर नेलं. साबण घेतला. माईची दोन्ही बोटं धरून घासायला लागली, नखांच्या आत, पेरांच्या रेघांत, कात्रीच्या टोकासारख्या आपल्या नखांनी. लहान मुलाचे हात धुतात तसे, पण लहान मुलाचे इतक्या जोरानं कुणी धुत नाही.

"दुखतंय गं."

"दुखू दे."

बोटं लाल झाली तेव्हा तिनं पाणी बंद केलं. "चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"गोदामात. मी येते बरोबर, पण बोलायचं तुम्ही."

गोदाम लांबलचक होतं, वर पत्रा, खाली कांद्याचे ढीग. ढिगांसमोर बायांच्या दोन ओळी बसल्या होत्या. सगळ्यांचे हात चालत होते आणि कुणी बोलत नव्हतं. कांद्याच्या सालांनी जमीन झाकली होती, पाऊल पडलं की ती कुरकुरत. टिटवी दुसऱ्या ओळीत, भिंतीला. तिनं या दोघींना पाहिलं आणि खाली मान घालून कांदे निवडत राहिली.

माई सुनेकडे वळली. सूनबाई दारातच थांबली होती, हाताची घडी घालून.

माई दोन ओळींमधून चालत गेली. मुकादमानं "ओ आजी" म्हटलं ते तिला ऐकू आलं नाही.

"मी सांगितलं तिला," ती टिटवीसमोर उभी राहून म्हणाली. "रांगा माझ्या होत्या म्हणून."

आसपासचे हात थांबले. टिटवीनं वर पाहिलं. मग ती दाराकडे बघून आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हिचं काही ऐकू नकोस गं सूनबाई! वय झालंय, काहीही बरळते." सगळं गोदाम वळून पाहू लागलं. तरीही ती झाकायलाच बघत होती.

"पुरे," माई म्हणाली. "तिनं मला ओढताना बघितलं. मी तपकीर ओढते आणि झाडं माझ्या हातानं मेली. ही हात धुवायची. हिचं काही नव्हतं त्यात." हे ती सगळ्या बायांना ऐकू जाईल असं बोलली.

हातातला कांदा टिटवीनं ढिगात टाकला नाही आणि टोपलीतही टाकला नाही.

"एकोणीस दिवस लागले तुला," ती म्हणाली.

माईनं मूठ मिटली.

"मी माझी म्हणाले ना, तेव्हा मला वाटलं, आता तू म्हणशील, नाही गं, माझी. नाही म्हणालीस. मग वाटलं, माणसं होती समोर, संध्याकाळी सांगेल. संध्याकाळी मी विडी न ओढता दारात बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले. रस्त्यात भेटलीस तेव्हा मुद्दाम डबी दिली. वाटलं, घेणार नाहीस." टिटवीनं मनगटानं डोळे पुसले, पण कांद्याच्या हातानं पुसले की डोळे झोंबतात, ते आणखी वाहायला लागले. "घेतलीस."

"चुकलं माझं."

"ते दिसतंय."

"चल घरी. ती न्यायला आलीये तुला."

"ती आलीये. ते बघतेय मी." टिटवीनं कांदा टोपलीत टाकला आणि पुढचा उचलला. "पण हा ढीग माझ्या वाट्याचा आहे. तो टाकून यायची मला सवय नाही."

माई उभी राहिली. मग माई गुडघ्यावर हात देऊन, सालांच्या ढिगात हळूहळू खाली बसली, टिटवीच्या शेजारी, आणि ढिगातून एक कांदा उचलला. तो हातात फिरवून पाहिला. घासून लाल झालेली बोटं त्याच्या रसानं चुरचुरायला लागली. टिटवी सरकली नाही. नको म्हणाली नाही. चार कांदे झाले, पाच झाले. सहावा माईनं उचलला तो खालून मऊ लागला, आणि तो कुठं टाकायचा ते न कळून ती तो हातात घेऊन बसली.

टिटवीनं तिच्याकडे न बघता कोपरानं उजवीकडे दाखवलं.

"सडका तिकडं टाक," ती म्हणाली.